कोऱ्या पट्टीवरचं कुंकू

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्या शेडचे मालक बात्रासाहेब असले, तरी शब्द चालायचा तो विजयकुमारचा. आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांच्या रेडिओ केंद्रांसाठी यंत्रं मागवायची, माणसाच्या उंचीच्या लोखंडी रॅकमध्ये ती एकाखाली एक बसवायची, पाठीमागून वायरिंग करायचं, सगळं इथेच चालवून बघायचं आणि मग लाकडी पेट्यांत भरून जेबेल अलीच्या बंदरातून रवाना करायचं, असं ते काम. रॅकमध्ये जिथे यंत्र नसेल तिथे उघडं भोक दिसू नये म्हणून काळी कोरी पट्टी स्क्रूने बसवतात. असल्या पट्ट्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. विजयकुमारची झोप मात्र अशाच एका पट्टीने उडवली.

माणूस मूळचा चिंचवडचा. लग्नाआधी थोड्या वर्षांसाठी म्हणून आला आणि आता मुलगी ईशानी नववीत होती. राहायला शारजात, कारण दुबईतलं भाडं ऐकूनच बायकोला, छायाला, घाम फुटायचा. रोज सकाळी ईशानीला दुबईतल्या शाळेत सोडायचं आणि त्या न संपणाऱ्या ट्रॅफिकमध्ये गाडी इंचाइंचाने सरकवत सगळ्या जगाला नावं ठेवायची, हा त्याचा नेम. हात मात्र देवाने दिलेला. इतरांच्या रॅकचं तोंड बघावं आणि विजयकुमारच्या रॅकची पाठ बघावी, इतकं देखणं वायरिंग. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी चिमटा काढायचं, की तुम्ही बांधून दिलेल्या रेडिओवर तिकडचे राष्ट्राध्यक्ष दिवसभर स्वतःच्याच आरत्या ऐकवतात म्हणे. तेव्हा तो हसून म्हणायचा, "आपण वायरी जोडतो हो, बातम्या नाही," आणि पुढचा बटाटेवडा उचलायचा. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

त्या वर्षी ऑर्डर आली ती पूर्व आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाची. नाव घेऊन काय करायचंय? तिथला रेडिओ वर्षानुवर्षं सरकारच्या मुठीत होता. आता नवा कायदा झाला होता. रेडिओ सरकारचा नाही, लोकांचा. त्यावर मंडळ शिक्षकांचं, पत्रकारांचं, चर्च-मशिदींतल्या माणसांचं, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांच्या संघटनेचंसुद्धा. राष्ट्राध्यक्षांनी काय वाचा नि काय वाचू नका हे सांगायचं नाही. नवी यंत्रं ह्या नव्या मंडळासाठी चालली होती.

रॅक अर्धे तयार असताना, ऐन उन्हाळ्यात, बात्रासाहेब एका पाहुण्याला घेऊन शेडमध्ये आले. उंची सूट, पायात चकचकीत बूट. तिथल्या मंत्रालयातले आहेत, एवढीच ओळख. माणसाने चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही, कोणाशी हात मिळवला नाही. रॅकसमोर उभा राहून त्याने एकच प्रश्न विचारला, "किती सेकंदांत?" बात्रासाहेब म्हणाले, दोन. माणसाने मान हलवली आणि निघून गेला. बाहेर पन्नास डिग्रीला रस्ता तापलेला असताना विजयकुमारच्या अंगावर काटा आला.

मग बात्रासाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "विजय, एक छोटा बॉक्स है. ट्रान्समीटर की लाइन पे डालना है. मिनिस्ट्री की सिक्युरिटी रिक्वायरमेंट. ड्रॉइंग में नहीं दिखाना."

"पर सर, क्लायंट तो वो नयी कॉर्पोरेशन है ना? उनको मालूम है?"

"पैसा जहाँ से भी आए, मुल्क तो एक ही है, हबीबी. डाल दो, खलास."

बॉक्स जेवणाच्या डब्याएवढा. दूरवरून कोणी एक फोन लावला की स्टुडिओतून जाणारा आवाज तुटणार आणि त्या जागी भलतीकडून पाठवलेला आवाज देशभर ऐकू जाणार. वाईट गोष्ट अशी की स्टुडिओत बसलेल्याला काही कळणार नाही. त्याच्यासमोरचे सगळे दिवे हिरवेच राहणार आणि तो बिचारा मेलेल्या माइकसमोर बोलत राहणार. विजयकुमारने फोरमन सुदेशला हाताशी घेतलं आणि शेवटच्या रॅकमध्ये एका कोऱ्या पट्टीमागे तो बॉक्स बसवून टाकला. सुदेश गुहागरकडचा, फारसं न बोलणारा. "सर, हे ड्रॉइंगमध्ये नाही," एवढंच म्हणाला. विजयकुमारने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सप्टेंबरअखेर तिकडून सफा आली. नव्या मंडळाची मुख्य इंजिनिअर. माल पेट्यांत भरण्याआधी तो तपासून सही करणं हे तिचं काम. डोक्याला झगमगीत रुमाल, आवाज खणखणीत, आणि हसली की सगळी शेड वळून बघायची. पहिल्याच दिवशी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे शिरली ती तासाभराने बाहेर आली. "मिस्टर विजय," ती इंग्रजीत म्हणाली, "माझी आई माझ्या केसांची वेणी इतकी नीट घालत नव्हती." विजयकुमार असा खुलला की त्या दिवशी ट्रॅफिकमध्येसुद्धा त्याने कोणाला शिवी दिली नाही.

चहाच्या वेळी ती तिकडच्या गोष्टी सांगायची. मागच्या निवडणुकीत बंदुका घेतलेली माणसं स्टुडिओत आली होती. ज्याने तिला हे काम शिकवलं तो म्हातारा इंजिनिअर दारात आडवा उभा राहिला, तो पुन्हा कामावर आला नाही. कुठे गेला ते त्याच्या बायकोलाही अजून कळलेलं नाही. "आता फेब्रुवारीत परत निवडणूक आहे," ती म्हणाली. "ह्या वेळी प्रत्येक मतमोजणीच्या खोलीबाहेर आमचा माणूस उभा असणार. तिथल्या फळ्यावर आकडा लिहिला गेला की त्याच क्षणी रेडिओवर वाचायचा. एकदा सगळ्या देशाने आकडा ऐकला, की राजधानीत बसून तो कोणाला बदलता येत नाही. म्हणून तर मी एकेक वायर बघतेय." विजयकुमारने अर्धा कप तसाच खाली ठेवला. कामाचं निमित्त काढून तो बाहेर गेला.

आणि मग दसरा आला.

शेडमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, आणि ती प्रथा सुरू केली होती खुद्द विजयकुमारने. छाया आदल्या दिवशी मीना बाजारात जाऊन झेंडूच्या माळा आणायची आणि "वीस दिरहमला एक! साडेचारशे रुपये झाले हो!" असं घरभर सांगायची. उदबत्ती लावायची नाही, कारण एकदा फायर अलार्म वाजून सगळी शेड रस्त्यावर आली होती. बाकी सगळं यथासांग. कुंकू लावायचं काम सुदेशचं. सकाळी सफाने त्याला विचारलं, की हे लाल कशाला? सुदेशने आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ज्या मशीनमध्ये जीव आहे, जे आपल्यासाठी राबतं, त्याला आज हात जोडायचे. पट्ट्यांना नाही लावत, त्या नुसती झाकणं. सफाला हे फार आवडलं. ती मोबाइलवर शूटिंग करत त्याच्या मागे मागे फिरू लागली.

सुदेशने एकेका यंत्राला बोट लावलं, कोऱ्या पट्ट्या सोडल्या. शेवटच्या रॅकपाशी आला, आणि त्या एका पट्टीलाही लावलं. त्याच्या मनात कसलंही कपट नव्हतं. पट्टीमागे त्याने स्वतःच्या हाताने मशीन बसवलं होतं. दसऱ्याच्या दिवशी एका मशीनला वगळून बाकीच्यांची पूजा करायची, हे त्याच्या हाताला पटलंच नसतं. पुढच्याच क्षणी त्याचं बोट तसंच हवेत राहिलं. त्याने विजयकुमारकडे बघितलं. विजयकुमारच्या हातातलं पेढ्यांचं ताट डळमळलं. सफाने शूटिंग थांबवलं होतं.

बाईने तमाशा केला नाही. पेढा घेतला, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. शेड जेवायला गेल्यावर टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून तिने विजयकुमारच्या हातात ठेवला. "उघडा," ती म्हणाली.

"पोरांनी उत्साहात..." विजयकुमारने सुरुवात केली.

"मिस्टर विजय. उघडा."

त्याने पट्टी उघडली. बॉक्स बघितल्यावर तिने फार प्रश्न विचारले नाहीत, तिला बघूनच कळलं. ती एका लाकडी पेटीवर बसली. तिचा चेहरा एकाएकी थकल्यासारखा दिसला आणि विजयकुमारला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी स्वतःची लाज वाटली.

"मी परत जाऊन हे सांगितलं, तर ऑर्डर रद्द होईल," ती हळू आवाजात म्हणाली. "मग निवडणूक जुन्या यंत्रांवर. ती तर त्यांच्याच ताब्यात आहेत. म्हणजे दोन्हीकडून त्यांचंच फावणार. म्हणून माझं एकच मागणं आहे. हे माझ्यासमोर काढा. मी सही करते आणि कोणाला एक शब्द बोलत नाही. पण परत घालू नका."

"इन्शाल्ला," विजयकुमार म्हणाला.

"तो शब्द नको. इथे त्याचा अर्थ 'बघू पुढे' एवढाच होतो, ते मला माहीत आहे. हो म्हणा."

"हो," तो म्हणाला. आणि त्या वेळी तो अगदी मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

त्याने तिच्यासमोर बॉक्स काढला. रिकाम्या जागेत तिने हात घालून बघितलं, पट्टी पुन्हा बसवली आणि सही केली. कुंकू पुसू दिलं नाही. "राहू दे, ह्यानेच मला वाचवलं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचं विमान उडालं. संध्याकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये विजयकुमारला इतकं हलकं वाटत होतं की तो चक्क गुणगुणत होता.

तेवढ्यात त्याला भीतीने गाठलं. मंत्रालयातल्या माणसाने पेट्या सुटण्याआधी चाचणी मागितली तर? बात्रासाहेबांना दुसऱ्याकडून कळलं तर? कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प बसला असता तर पेट्या गेल्याही असत्या. पण वरच्याला सगळं सांगून आपण मोकळं व्हायचं, ही नोकरदार माणसाची जन्माची खोड. त्याने गाडीतूनच फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

बात्रासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "साइन तो कर दिया ना उसने? बढ़िया. तो अब दूसरी जगह डाल दो." फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "बेटी का बोर्ड एग्झाम अगले साल है ना? और तेरा वीजा रिन्यूअल?"

दुसऱ्या दिवशी सुदेश बॉक्स हातात घेऊन उभा राहिला. "सर, बाईंना शब्द दिलाय म्हणाला होतात ना?"

"तू काम कर, सुदेश."

ह्या वेळी बॉक्स पॉवर सप्लायच्या पेटीत गेला, जी कोणी उघडत नाही. पेट्या बंदरावर गेल्या. विजयकुमार स्वतःला सांगत राहिला, की वापरतीलच असं कुठे आहे? नुसता असेल पडून.

जानेवारीत तिकडचं नवं केंद्र सुरू झालं. विजयकुमारने मोबाइलवर ते लावलं आणि मग रोज सकाळी गाडीत तेच लागू लागलं. सकाळचा कार्यक्रम इंग्रजीत असायचा. एकदा एका बाईने फोन करून पाणीपुरवठा मंत्र्याला असा झाडला, की आमच्या वस्तीत येऊन एक बादली भरून दाखवा, आणि तो मंत्री त त प प करत उत्तर देत राहिला. विजयकुमार स्टिअरिंगवर हात आपटून हसला.

"पापा, व्हाय आर यू सो इंटरेस्टेड इन धिस कंट्री?" ईशानीने विचारलं.

"अगं, हा आवाज माझ्या वायरींतून येतोय," तो म्हणाला. त्या केंद्रावर त्याचा जीव जडत चालला होता आणि जितका जडत होता तितका तो बॉक्स त्याला छळत होता. रात्री छाया विचारायची, "अहो, कुठे लक्ष असतं तुमचं?" तो ऑफिसचं टेन्शन म्हणून वेळ मारून न्यायचा.

मतमोजणीच्या दिवशी सकाळीही गाडीत तेच लागलं होतं. आकडे रात्रभर वाचले जात होते. एक मुलगी स्वच्छ आवाजात सांगत होती, अमक्या गावची शाळा, ह्याला इतकी मतं, त्याला इतकी. मग पुढचं गाव. राष्ट्राध्यक्ष मागे पडत चालले होते. "इट्स लाइक क्रिकेट," ईशानी म्हणाली आणि तिने आवाज वाढवला. मुलीने पुढच्या गावाचं नाव घेतलं आणि आवाज तुटला. दोन सेकंद शांतता. मग मिलिटरी बँड वाजू लागला.

विजयकुमारला काय झालं ते कळायला क्षणही लागला नाही. त्याने ब्रेकवर पाय दाबून धरला. मागच्या गाड्या हॉर्न मारू लागल्या. तेवढ्यात सफाचा आवाजातला निरोप आला. त्याने तो लावला, आणि फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असल्यामुळे तो ईशानीनेही ऐकला.

"मिस्टर विजय, मी सफा. इथे सगळे दिवे हिरवे आहेत आणि बाहेर बँड वाजतोय. मी ती पट्टी उघडली. तुमचं कुंकू अजून आहे, मागे काही नाही. मग कुठे आहे? मी चिडलेले नाही. फक्त जागा सांगा, आम्ही लगेच उपटून टाकतो. त्यांच्या गाड्या पुलापर्यंत आल्यात."

"पापा," ईशानी म्हणाली. "रिप्लाय टू हर. शी'ज स्केअर्ड."

त्याने फोन हातात घेतला. "पॉवर सप्लाय" असे दोन शब्द लिहिले. बोट पाठवायच्या खुणेवर गेलं आणि तिथेच थांबलं. ते शब्द गेले की आपल्या नावावर जाणार, आपल्या नंबरवरून जाणार. त्याने ते पुसले आणि बात्रासाहेबांना फोन लावला. बात्रासाहेब एवढंच म्हणाले, "फोन बंद कर. नंबर डिलीट कर. तू कुछ नहीं जानता." स्पीकर अजून चालूच होता. ईशानी बापाकडे बघत होती. शाळेच्या गेटवर ती उतरली तेव्हा रोजचं "बाय पापा"सुद्धा म्हणाली नाही.

तिने गेटातून आत जाताना मागे वळून बघितलं नाही, आणि विजयकुमारला ते सहन झालं नाही. त्याने गाडी कडेला घेऊन ते दोन शब्द पुन्हा लिहिले आणि पाठवले. एक टिक आली. तो दुसऱ्या टिकची, निरोप पोचल्याच्या खुणेची, वाट बघत बसला. बँड वाजतच होता. शेवटी पोलिसाने काचेवर टकटक करून त्याला पुढे जायला सांगितलं.

राष्ट्राध्यक्ष भरघोस मतांनी निवडून आले. प्रसारणात तांत्रिक बिघाड झाला, असं सरकारने जाहीर केलं. यंत्रांत बाहेरचं काही नाही अशी सही मुख्य इंजिनिअरनेच दिली होती, तेव्हा बिघाडही तिनेच केला असणार, म्हणून तिला ताब्यात घेतल्याचं बातमीत होतं. बातमी तीन ओळींची होती. नंतर मंडळ बरखास्त झालं, कायदा मागे पडला, आणि सफाचं काय झालं हे कुठेही छापून आलं नाही. दारात आडवा उभा राहिलेल्या त्या म्हाताऱ्याचंही आलं नव्हतं. ईशानी आता गाडीत कानात इअरफोन घालून बसायची. एकदाच, खिडकीबाहेर बघत तिने विचारलं होतं, "डिड शी एव्हर रिप्लाय?" विजयकुमार नाही म्हणाला. त्या निरोपावर अजून एकच टिक होती.

पुढच्या दसऱ्याला शेडमध्ये दुसऱ्याच एका देशाचे रॅक उभे होते. तिथेही नवा कायदा झाला होता, तिथलाही रेडिओ लोकांचा होणार होता. तपासायला आलेला इंजिनिअर पिकल्या केसांचा, शाळामास्तरासारखा सालस माणूस. छायाने झेंडूच्या माळा पाठवल्या होत्या. सुदेश कुंकवाची वाटी घेऊन एकेका यंत्राला बोट लावत चालला होता आणि पाहुणा कौतुकाने त्याच्या मागोमाग फिरत होता.

शेवटच्या रॅकमधल्या एका कोऱ्या पट्टीसमोर सुदेश थबकला. त्याचं बोट उचललेलं होतं. त्याने विजयकुमारकडे बघितलं, मागच्या वर्षी बघितलं होतं तसंच. विजयकुमारने मान हलवली, नको म्हणून. सुदेशने बोट मागे घेतलं, आपल्याच पँटला पुसलं आणि खाली मान घालून पुढच्या यंत्राकडे गेला.

"ह्या पट्टीला का नाही लावलं?" पाहुण्याने सहज विचारलं.

विजयकुमारने पेढ्यांचं ताट त्याच्यापुढे धरलं. ह्या वेळी त्याचा हात जराही हलला नाही, आणि ते लक्षात येऊन तो आतून गार पडला.

"तिच्यामागे काही नाही," तो म्हणाला.